बराकीतून वर्गखोलीकडे

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया कोणत्या, हा प्रश्न आमच्या वेळी परीक्षेत हमखास येई. वसतिगृहाच्या ओसरीवर बसून आम्ही उत्तर घोकत असू : मिडवे, एल अलामेन, स्टालिनग्राड. जून १९४२ मध्ये मिडवेजवळ जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एल अलामेन येथून रोमेलच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राड येथे जर्मनांचा उरलासुरला प्रतिकार संपला. अवघ्या आठ महिन्यांत युद्धाचे पारडे फिरले. उत्तर बरोबर होते आणि गुणही पूर्ण मिळत. तरीही ते अपुरे होते, असे आज वाटते. कारण त्यात आपला जिल्हा नव्हता आणि आपला समाज तर नव्हताच.

वास्तविक या युद्धाशी आपल्या मातीचा संबंध निकटचा आहे. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ-कोहिमाच्या रोखाने भारतात शिरल्या, तेव्हा सांगशाक या डोंगरी गावी त्यांना काही दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. त्या विलंबामुळे कोहिमाच्या बचावाला मोलाची सवड मिळाली. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर मशीनगनच्या माऱ्यातून जखमी सोबत्यांना उचलून पार नेले आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या जिल्ह्यातील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

याच काळात जिल्ह्याच्या ठिकाणी, अहमदनगरच्या किल्ल्यात, वेगळाच इतिहास घडत होता. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होताच नेहरू, पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना तेथे बंदिवान करण्यात आले. त्यांच्यातील आचार्य नरेंद्र देव यांनी त्या कैदेत वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतराचे काम केले. बाहेर जग पेटलेले असताना किल्ल्याच्या भिंतीआड एक समाजवादी विचारवंत बौद्ध तत्त्वज्ञानाचा ग्रंथ उलगडत बसला होता, ही गोष्ट आपल्या विद्यालयात तरी सांगितली गेली पाहिजे.

निमजचा शिपाई आणि किल्ल्यातील बंदी या दोहोंहून निराळी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती. ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवले जाई, त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळेत अक्षरओळख होत असे. १८९० नंतरच्या दशकात ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांताआड सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा केवळ नोकरी गेली नाही, शाळेची वाटही बुजली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात गरज भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळाचे सदस्य झाले. भरतीचा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बंदूक हाती घेण्याच्या हक्कासाठी झालेली ही लढाई अर्धशतक चालली. तिचे नाव कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. तथापि आपल्या दृष्टीने ती स्टालिनग्राडइतकीच निर्णायक होती.

देश ‘छोडो भारत’ म्हणत असताना बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, हा आक्षेप आजही घेतला जातो. तो टाळू नये, मुलांसमोर मांडावा. वंशश्रेष्ठत्वावर उभ्या असलेल्या नाझीवादाचा विजय म्हणजे कष्टकऱ्यांची नवी गुलामगिरी, अशी बाबासाहेबांची धारणा होती. जन्मावरून माणसाची प्रत ठरवणारी व्यवस्था त्यांनी घरीच पाहिली होती. तिचे युरोपीय रूप ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. स्वातंत्र्य त्यांनाही हवे होते, पण त्यासोबत समतेची हमीही हवी होती. किल्ल्यातील त्यागाला कमी न लेखता ही भूमिका समजून घेता येते. इतिहासाच्या तासाला एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

त्या मंत्रिपदाच्या काळातील फलितही पाहावे. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. पाठोपाठ उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत मरीन लाइन्सच्या लष्करी बराकीत भरू लागले. युद्धासाठी बांधलेल्या छपराखाली आपल्या मुलांनी वह्या उघडल्या. श्रीगोंद्यातील आपले हे वसतिगृह त्याच वाटेवरचे एक ठाणे आहे.

अर्थात हा युद्धाचा गौरव नव्हे. त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली; त्यांच्यासाठी कोणतीही पदके निघाली नाहीत. बुद्धाला शरण जाणाऱ्यांनी जयापजयाच्या पलीकडे पाहावे लागते. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत सिलोनचे प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी धम्मपदातील वैराविषयीच्या गाथेचा आधार घेऊन जपानकडून युद्धाची भरपाई घेण्यास नकार दिला. महायुद्धाच्या निर्णायक क्षणांच्या यादीत हा क्षणही असावा.

म्हणून एक सूचना करतो. तालुक्यातील अनेक घरांत जुन्या ट्रंकांमध्ये सैनिकांची सेवापुस्तके, पेन्शनचे कागद, पदके आणि पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. ती दरवर्षी थोडी थोडी वाळवीच्या तोंडी जात आहेत. नववीच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावी जाऊन त्यांची नोंद करावी, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि ते दप्तर ग्रंथालयात ठेवावे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी एक कपाट दिले तरी काम सुरू होईल. पुढच्या पिढीला परीक्षेत तोच प्रश्न येईल, तेव्हा मिडवे आणि स्टालिनग्राडच्या खाली तिला आणखी दोन ओळी लिहिता याव्यात.