पाहुणा की गिऱ्हाईक?

दिवाळीचा फराळ निम्म्यावर आला की शहरातल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो: उरलेल्या सुटीत जायचे कुठे? पूर्वी याचे उत्तर शोधावे लागत नसे. मामाचा गाव असे आणि मामा स्टेशनावर उभा असे. आता मामाही आपल्यासारखाच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. मामाच्या गावाची ही उणीव भरून काढायला एक नवी सोय निघाली आहे. तिला ‘फार्म-स्टे’ म्हणतात. एखाद्या जुन्या घराण्याच्या वाडीवर पैसे भरून दोन दिवस राहायचे, विषारी औषधांवाचून पिकवलेली भाजी खायची, तळ्यात गळ टाकून बसायचे आणि सोमवारी मुकाट्याने कामावर हजर व्हायचे.

माझा पेशा मराठी शिकवण्याचा. वस्तूच्या आधी तिच्या नावाकडे लक्ष जाण्याची मला खोडच आहे. ‘कृषिपर्यटन’ हा शब्द सरकारने आपल्याला दिलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली त्याचे धोरणही ठरवले. पण माझी अडचण सोयीच्या नावाची नाही, तिथे जाणाऱ्याच्या नावाची आहे. तो कोण म्हणायचा? पाहुणा की गिऱ्हाईक?

हा प्रश्न मला पडला तो उमेळ्याच्या वाटेवर. भाईंदर सोडून गाडीने खाडीचा पूल ओलांडला की नायगाव येते. तिथे पश्चिमेला उतरून थोडे पुढे गेले की उमेळे. एका अंगाला खाडी आणि मिठागरे, दुसऱ्या अंगाला वसईच्या वाड्या. खारे पाणी आणि गोडे पाणी इथे शेजारी-शेजारी नांदतात, आणि शेजाऱ्यांची असते तशी त्यांची कुरबुरही चालू असते.

या सोयीला मी नवी म्हटले खरे, पण वसईपुरती ती सव्वातीनशे वर्षांची जुनी आहे. १६९५ साली जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी वसईला आला. किल्ल्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. शहराबाहेर पंधरा मैल लांबीचा बागांचा पट्टा पसरलेला आहे, यंत्रांनी पाणी दिल्यामुळे तो सदा हिरवा असतो आणि बड्या मंडळींनी उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी तिथे घरे बांधली आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. ती यंत्रे म्हणजे आपले रहाट असणार! पुढे १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. हवा खाणारे गेले, त्यांची घरेही गेली. वाड्या मात्र राहिल्या, कारण त्या कसणारे राहिले.

वाडीचा जीव असतो बावखलात. बावखल म्हणजे वाडीत खणलेले मोठे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पोहोचते. उन्हाळ्यात तळ आटला की गाळ काढून केळींच्या आणि पानवेलींच्या मुळाशी घालायचा. राजेळी केळ्यांची सुकेळी वसईने साऱ्या मुलखाला खाऊ घातली, ती या गाळाच्या आणि मासळीच्या खताच्या जोरावर. आज आपण ज्याला कौतुकाने ‘सेंद्रिय’ म्हणतो, त्याला इथल्या म्हाताऱ्या माणसांनी कधी वेगळे नाव दिले नाही. भाताला कोणी ‘शिजवलेला भात’ म्हणते का?

आम्ही उतरलो होतो त्या वाडीतल्या आजी ऐंशीच्या घरात होत्या. कारभार नातवाकडे होता. त्याने आमच्या हातात वेळूच्या काठ्या दिल्या, कणकेच्या गोळ्या दिल्या आणि नियम सांगितले. लहान मासा लागला तर परत सोडायचा. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, अंडी घालतात; म्हणून त्या दिवसांत वाडीवर पाहुणे घ्यायचे, पण गळ घ्यायचा नाही. दर्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ती याच हिशेबाने. कोळीवाड्यात तर नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावाचून होडी लोटायची नाही, ही रीत सरकारी हुकमाहून कितीतरी जुनी.

दोन तास झाले. काठी हलली नाही. आमच्यातले एक गृहस्थ वैतागले. “मासा लागत नाही, मग पैसे कशाचे घेता हो?”

नातू शांतपणे म्हणाला, “काका, पैसे तळ्याचे आहेत. मासा त्याच्या मर्जीने येतो.”

जेवताना पानात बोय आली, ती खाडीवरून कोळणीने आणलेली. निघताना मी पैसे पुढे केले, तर आजींनी हात पदराआड घेतला. “पाहुण्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे... त्याच्याकडेच द्या बाबा.” नातवाने ते घेतले आणि वहीत मांडले. एकाच घरातल्या या दोन हातांत माझा प्रश्न मूर्तिमंत उभा होता.

आणि त्या वहीत काय होते? बावखल बुजवून द्या, भराव आम्ही फुकट टाकतो, असे सांगणारे लोक त्या घरी येऊन गेले होते. बुजलेल्या तळ्याचा भूखंड होतो. तळ्याला मात्र दर वर्षी गाळकाढणीची मजुरी लागते. केळीच्या उत्पन्नातून ती निघेना, म्हणून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे बेसुमार उपसले की खालचे वर येते. टँकरने विहिरी उपसल्या गेल्या तेव्हा वसईने हे अनुभवले आणि त्यातून हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचे एक पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला लेखक मराठीला लाभला, याचा मला माझ्या विषयापुरता अभिमान वाटतो.

उत्तरेकडे उंबरगावजवळ देहरीला भास्कर सावे यांनी ‘कल्पवृक्ष’ नावाची बाग केली. झाडाच्या बुंध्याला पाणी न देता दूरच्या चरांतून द्यायचे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात पसरतात, हा त्यांचा धडा. २०१५ साली वारलेल्या या शेतकऱ्याची बाग पाहायला दूरदूरची माणसे जात. ती बघायला आणि शिकायला जात. हाही पाहुणचाराचाच एक प्रकार.

‘पाहुणा’ हा शब्द ‘प्राघुण’पासून आला आणि ‘गिऱ्हाईक’ ‘ग्राहका’पासून. ग्राहक म्हणजे घेणारा. पाहुणाही घेतोच, पण तो घरची रीत पाळतो आणि रिकाम्या हाताने जात नाही. म्हणून पैसे द्यायला लाजू नये आणि ते देताना घासाघीसही करू नये. आजींच्या संकोचाचा फायदा घेणे हा तर चक्क अपमान. मात्र पैसे दिले म्हणून मासा, ऊन आणि झोपलेला कोंबडा हुकमाने मागू नयेत.

तेव्हा यंदा कुणी अशा वाडीवर जायचे ठरवले, तर खोलीला पंखा आहे का, हे जरूर विचारावे. पण त्याआधी तळे आहे का आणि मे महिन्यात त्याचा गाळ काढला का, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाने वाडीवाल्याचा चेहरा उजळला, तर तिथे खुशाल उतरावे. पाऊस नुकताच सरला आहे. बावखले काठोकाठ भरलेली असतील.