साक्ष आणि पुरावा : एका बोलपटावरून सुचलेले विचार

गेल्या सत्रांत पवित्र शास्त्राच्या तासास नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस असा प्रश्न विचारला कीं, दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोंवतीं विचारी प्राणी राहत असतील, तर प्रभु येशू त्यांच्याकरितांही मरण पावला काय? वर्गांत हंशा पिकला. घंटा होण्यास पांच मिनिटें अवकाश होता. तरी आम्हीं वेळ संपत आल्याचें निमित्त करून प्रश्न पुढें ढकलला, हें येथें कबूल केलेलें बरें. मागाहून कळलें कीं, त्या मुलानें घरीं 'कॉन्टॅक्ट' नांवाचा अमेरिकन बोलपट पाहिला होता. तो आमच्याही आवडीचा. आम्हीं तो पुन्हां एकवार पाहिला, तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाहून निराळाच एक प्रश्न आम्हांस बोचूं लागला. त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ज्योतिर्विद कार्ल सेगन ह्यांची ह्याच नांवाची कादंबरी १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. तिजवरून रॉबर्ट झेमेकिस ह्यांनीं काढलेला बोलपट १९९७ सालीं लोकांपुढें आला. सेगन डिसेंबर १९९६ मध्यें वारले; म्हणून तो पूर्ण झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. कथेची नायिका डॉ. एली अ‍ॅरोवे ही आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकण्यांत आयुष्य वेंचणारी विदुषी आहे. जोडी फॉस्टर ह्यांनीं ही भूमिका केली आहे. न्यू मेक्सिकोंतील २७ तबकड्यांच्या दुर्बिणीवर तिला एके दिवशीं अभिजित् ताऱ्याच्या दिशेकडून ठोके ऐकूं येतात : दोन, तीन, पांच, सात, अकरा. हे सर्व अविभाज्य अंक. आणि ते ओळीनें मोजणारा कोणी तरी बुद्धिमान् असला पाहिजे, हें उघड आहे. पुढें त्या संदेशांत एका यंत्राचे नकाशे सांपडतात, आणि त्या यंत्रांत बसून एकाच मनुष्यानें जावयाचें असें ठरतें. (नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रानांत उभ्या आहेत. आमच्या ज्या विद्यार्थ्यांनीं त्या पाहिल्या असतील, त्यांस बोलपटांतील देखावा अगदींच परका वाटणार नाहीं.)

ह्या शोधाची कल्पना निव्वळ कादंबरीकाराच्या डोक्यांतली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९६० सालीं फ्रँक ड्रेक ह्यांनीं ग्रीन बँक येथील दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे लावून असेंच ऐकण्याचा पहिला यत्न केला. कांहीं ऐकूं आलें नाहीं. १९६७ सालीं जोसेलिन बेल ह्या विद्यार्थिनीस केंब्रिज येथें सव्वा सेकंदाहून किंचित् अधिक अंतरानें नियमित पडणारे ठोके आढळले, तेव्हां थट्टेनें त्यांस हिरव्या ठेंगण्या माणसांचें नांव देण्यांत आलें. ते ठोके गरगर फिरणाऱ्या एका मृत ताऱ्याचे निघाले. ह्या बाई क्वेकर पंथाच्या भाविक ख्रिस्ती आहेत. श्रद्धेनें त्यांचें गणित बिघडलें नाहीं, कीं गणितानें श्रद्धा.

आतां मुख्य गोष्ट. यंत्रांत कोणास पाठवावें हें ठरविण्यास एक मंडळ बसतें. त्यांत पामर जॉस नांवाचा धर्मचिंतक गृहस्थ आहे. तो एलीस भर सभेंत विचारतो कीं, तुमचा ईश्वरावर विश्वास आहे काय? जी आपल्या सर्वांच्या वतीनें जाणार, तिनें बहुसंख्य मानवजात ज्यास पूज्य मानते त्यास भ्रम म्हणावें काय? एली अडखळते, आणि पुराव्यावांचून आपण होय म्हणूं शकत नाहीं अशा अर्थाचें उत्तर देते. तिचा वरिष्ठ ड्रम्लिन हा ह्याच शोधाचा पैसा एकदां बंद करून बसलेला. तो मात्र मंडळापुढें देवाधर्माचें असें गोड बोलतो कीं, जागा त्यास मिळते. तो खोटें बोलला असें बोलपट म्हणत नाहीं. परंतु मंडळास काय ऐकावयाचें आहे हें त्यानें ओळखलें होतें, एवढें प्रत्येक पाहणारास कळतें.

हा प्रसंग पाहतांना आम्ही खुर्चींत चुळबुळ करूं लागलों. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही पवित्र शास्त्राचे पेपर तपाशीत आहों. 'तुमचा विश्वास थोडक्यांत लिहा' ह्या प्रश्नास पंचाहत्तर मुलें एकाच सांच्यांतलें उत्तर लिहितात, आणि आम्ही दहापैकीं नऊ गुण देतों. एके वर्षीं एका मुलीनें लिहिलें होतें कीं, आजीच्या आजारांत मीं पुष्कळ प्रार्थना केली, पण आजी गेली, तेव्हांपासून मला नीटसें सांगतां येत नाहीं. तिला आम्हीं चार गुण दिले, कारण उत्तर 'अपूर्ण' होतें. ड्रम्लिनला निवडणारें तें मंडळ अमेरिकेंत बसलें होतें खरें. पण तसलें मंडळ आमच्याही शिक्षकांच्या खोलींत बसतें, आणि त्याच्या लाल पेन्सिलीवर आमचा हात असतो.

जॉसचें तर आणखीच वाईट. तो प्रश्न आपण सत्यासाठीं विचारला नाहीं, एलीस गमावण्याची भीति वाटली म्हणून विचारला, हें तो पुढें स्वतःच तिच्याजवळ कबूल करतो. देवाचें नांव पुढें करून आपली गरज भागविण्याची ही खोड आम्हां धर्मशिक्षकांस नवी नाहीं.

ह्या बाईच्या अश्रद्धेचें मूळही बोलपटकर्त्यानें एका लहानशा प्रसंगांत दाखविलें आहे. आईवेगळी एली लहान असतांना तिचा बाप हृदयविकारानें घरांत कोसळतो. औषध वरच्या मजल्यावर असतें. ती धांवत जाते, पण उपयोग होत नाहीं. पाळकसाहेब येऊन ईश्वरी इच्छा मनुष्यास कळत नसते असें समाधान सांगतात. पोर शांतपणें म्हणते कीं, थोडें औषध खालच्या न्हाणींत ठेवावयास हवें होतें. पाळकांजवळ ह्यावर शब्द नाहीं, आणि असूंही नये. मयताच्या घरीं जाऊन पाठ केलेलें वाक्य बोलणाऱ्या आम्हां सर्वांस त्या पोरीनें निरुत्तर केलें आहे.

येथवर आमची सहानुभूति नायिकेकडे आहे. परंतु जॉस तिला एक कोडें घालतो, तें आम्हांस तितकेंसें पटत नाहीं. तुझें बापावर प्रेम होतें काय? होय. तर मग सिद्ध कर! बिचारी गप्प बसते. पण प्रेम सिद्ध करतां येत नाहीं, हें खरें काय? शेजाऱ्यांस विचारावें, म्हणजे कोणता मुलगा बापाची सेवा करितो तें गल्लींतील पोरेंही सांगतील. याकोबाच्या पत्रांत विश्वास कृतीवरून दाखविण्याविषयीं लिहिलें आहे तें ह्याच अर्थाचें. श्रद्धेस पुरावा लागतच नाहीं असें म्हणणारे लोक श्रद्धेचें रक्षण करीत नसून तिला अडगळींत नेऊन ठेवीत आहेत.

उत्तरार्ध आणखी मार्मिक आहे. एक धर्मवेडा पहिलें यंत्र उडवितो, त्यांत ड्रम्लिन मरतो, आणि जपानांत गुप्तपणें बांधलेल्या दुसऱ्या यंत्रांतून अखेर एली जाते. तिच्या हिशेबीं ती अठरा तास दूर होती. मृत बापाच्या रूपानें कोणी तरी समुद्रकांठीं तिच्याशीं बोललें. पाहणारांस दिसलें तें इतकेंच कीं, गोळा क्षणांत यंत्रामधून सरळ खालीं पडला. चौकशींत तिच्यावर ऑकमच्या वस्तऱ्याचें तत्त्व चालविण्यांत येतें : दोन स्पष्टीकरणांपैकीं साधें असेल तें बहुधा खरें. हाच वस्तरा तिनें पूर्वीं जॉसच्या देवावर चालविला होता! (ज्याच्या नांवानें तो ओळखला जातो तो चौदाव्या शतकांतील ऑकमचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधु होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) ती काय करते? मला भ्रम झाला असणें शक्य आहे, असें ती मान्य करते. तरी जें अनुभविलें तें नाकारणें आपल्या हातीं नाहीं, असें म्हणते.

कित्येक ख्रिस्ती मित्र हा प्रसंग पाहून टाळ्या पिटतात, कीं पाहा, विज्ञानासही शेवटीं श्रद्धाच लागते. आम्हांस हें मान्य नाहीं. एली आपल्यासाठीं नियम सैल करा असें म्हणत नाहीं. ज्या नियमानें ती इतरांस तोलीत होती, त्यानेंच तोललें जाण्यास ती उभी राहते. थोमानें पुरावा मागितला, तेव्हां त्यास कोणी हांकून दिलें नाहीं. त्यास जखमा दाखविण्यांत आल्या. बोलपटाचा दोष असलाच तर तो पुढें आहे. तिच्या चित्रमुद्रकांत अठरा तासांची नुसती खरखर भरलेली आढळली, ही गोष्ट अधिकारी एकमेकांत बोलतात आणि दाबून टाकतात. अर्थात् प्रेक्षकास पुरावा मिळाला! तिच्याबरोबर अंधारांत उभें राहण्याचा प्रसंग आम्हांवर येतच नाहीं. ती खरखर कापून टाकली असती, तर बोलपट अधिक कठीण आणि अधिक खरा झाला असता असें आमचें मत आहे.

आतां त्या मुलाचा प्रश्न. १२७७ सालीं पॅरिसच्या बिशपांनीं ज्या २१९ मतांस निषिद्ध ठरविलें, त्यांत 'ईश्वर अनेक जगें निर्माण करूं शकत नाहीं' अशा आशयाचें एक होतें. म्हणजे देवाच्या हातास मर्यादा घालणें हेंच तेव्हां चूक ठरलें. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे त्या वेळचे प्रमुख जेझुइट फादर फ्युनेस ह्यांनीं २००८ सालीं सांगितलें कीं, परग्रहवासी असल्यास त्यांस आपले बंधु मानण्यास हरकत नाहीं. पण तारण त्यांस कसें लागू पडतें, ह्याचें उत्तर आम्हांस कोठें मिळालें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं वर्गांत तो प्रश्न आपण होऊन काढला, वरील सर्व हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हटलें, "आम्हांस ठाऊक नाहीं." मुलगा थोडा वेळ विचार करीत उभा राहिला, आणि मग अगदीं गंभीरपणें म्हणाला, "सर, मग परीक्षेंत काय लिहावयाचें?"