कोकरू कुणाला म्हणता?

आपल्या मराठीत जे शब्द फार लाडावले आणि लाडामुळेच बिघडले, त्यांत 'कोकरू' हा एक आहे, असे माझे मत आहे. मी काही कोशकार नव्हे. माणदेशातला एक मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. तरी या शब्दासाठी भांडायला मी उभा आहे, आणि भांडण प्रथम माझे माझ्याशीच आहे.

मेंढीचे पोर ते कोकरू. आई तान्ह्याला कुशीत घेऊन 'माझं कोकरू ते' म्हणते. ख्रिस्ती बांधव येशूला 'देवाचा कोकरा' म्हणतात, तेव्हा त्यात बलिदान असते. इथवर माझी तक्रार नाही. पण वर्गात गप्प बसणारा मुलगा कोकरू, सासूपुढे मान वर न करणारी सून कोकरू, साहेबापुढे हात जोडणारा कारकूनही कोकरूच! माझ्या दोन कादंबऱ्यांतल्या नायिका अशाच 'कोकरासारख्या' आहेत, आणि त्या वाचकांना आवडल्या, हे आणखी वाईट.

इसापाची ती लांडग्याची गोष्ट आठवा. त्यातले कोकरू मुके आहे काय? पाणी तुमच्याकडून माझ्याकडे वाहते, मग मी ते गढूळ कसे केले, असे ते विचारते. मागल्या वर्षीच्या शिवीगाळीचा आरोप येताच, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, असे ठणकावते. वकिलाने याहून काय करावे? शेवटी लांडग्याने त्याला खाल्ले, हे खरे. पण ते बोलून मेले. आम्ही मास्तरांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'भोळे' ठरविले.

बरे, रंगाचे घ्या. मुलांच्या पुस्तकातले कोकरू कापसासारखे पांढरे. दख्खनी मेंढी बहुतेक काळी! तिच्या काळ्या लोकरीचे घोंगडे रंगवावेसुद्धा लागत नाही. इंग्रजांकडे पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढे, काळीवर चढत नसे. म्हणून काळीला भाव कमी. तिथला तो हिशेब आम्ही 'घराण्यातली काळी मेंढी' म्हणून उचलला. धनगराच्या काळ्याभोर खांडापुढे उभे राहून हे एकदा बोलून पाहा! आणि आमची स्वतःची भाषा किती मायेची आहे : बाळाच्या पहिल्या केसांना जावळ म्हणतात, तसे कोकराच्या पहिल्या लोकरीलाही जावळच. त्या जावळाचे घोंगडे फार मऊ असते. लेकरू आणि कोकरू यांचे नाते हे असे आहे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. गेल्या वर्षी सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात एका धनगराच्या मुलाविषयी मी कौतुकाने लिहिले, 'कोकरासारखा शांत आहे.' दुसऱ्या दिवशी त्याचे वडील घोंगडे खांद्यावर टाकून शाळेच्या दारात उभे.

"मास्तर, पोरगं आजारी हाय व्हय?"

मी म्हटले, "छे हो! गुणी आहे म्हणून लिहिलंय."

"मग कोकरू कशापायी म्हणलासा? कोकरू गप ऱ्हायलं की आमी त्याचे कान चाचपतो, ताप हाय का बघतो. धडधाकट कोकरू गप बसतंय का कुठं? सांजच्याला मेंढरं माघारी आली की वरडून सारा वाडा डोक्यावर घेतंय. त्या आवाजावर आई त्याला वळखती. गप बसलं तर दूध कोण पाजणार?"

मी त्या मुलाकडे प्रथमच नीट पाहिले. आदल्या दिवाळीनंतर तो मेंढरांमागे कोकणात गेला होता, तो जूनमध्ये परतला. गुणाकार शिकविला तेव्हा तो नव्हता, भागाकाराच्या वेळी समोर बसला होता. त्याला काहीच कळत नव्हते, म्हणून तो शांत होता; आणि मी त्याला त्याबद्दल शाबासकी देत होतो!

मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'निम्म्या वर्षाचे गणित राहिले आहे. मी शिकवीन.' वडिलांना वाचून दाखविले.

"कवा?" ते म्हणाले.

"सुट्टी संपल्यावर."

"तवर कुठं? पाडव्याला आमचा वाडा हालतोय," असे म्हणून त्यांनी मुलाला माझ्यापुढे बसविले आणि स्वतः दाराशी बसून राहिले.