आरोग्यविचार : तीन आठवड्यांची मर्यादा

गेल्या वैशाखांत मुंजीच्या निमित्तानें बहिणीच्या सासरीं नगरास जाणें झालें. सरकारदप्तरीं २०२४ पासून अहिल्यानगर झालेलें हें शहर आमच्या तोंडीं अजून नगरच आहे. पंगतींत घरच्या आत्याबाईंनीं आमटी बाजूस सारली व नुसता ताकभात कालवला. थोरल्या सुनेनें हळूच विचारलें, तेव्हां कळलें कीं, गालाच्या आंतील जखम पौषापासून भरलेली नाहीं! चाळीस वर्षें रोज पहांटे मिश्री लावण्याचा त्यांचा परिपाठ. दुखणें सांगावें तर मिश्री सुटणार. शिवाय कार्यांत विघ्न नको, म्हणून त्या मुकाट राहिल्या. घरांत दोन पदवीधर मुलगे व एक शिक्षिका सून. पण चार महिन्यांत आत्याबाईंच्या तोंडांत कोणीं डोकावून पाहिलें नव्हतें.

मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच होय. ती थुंकून टाकली तरी तिच्यांतील विष तोंडाच्या नाजूक त्वचेंत शिरतेंच. सुपारी निरुपद्रवी, ही समजूतही खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००३ सालीं नुसती सुपारीसुद्धां कर्करोगास कारण होते, असा निर्णय दिला. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. परंतु घरच्या अडकित्त्यावर बंदी कोण घालणार?

ओंठ, जीभ, गाल, हिरड्या, घसा व स्वरयंत्र यांना होणारा कर्करोग आरंभीं बहुधा दुखत नाहीं, आणि हाच त्याचा कावा आहे. तोंडांतील जखम, पांढरा वा लाल चट्टा, आवाजाचा घोगरेपणा, गिळतांना अडथळा किंवा मानेंतील गांठ, यांपैकीं कांहींही तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांस दाखवावें. तोंड पूर्वींसारखें उघडेनासें झालें, तरी तेंच करावें. संशय आल्यास डॉक्टर जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्यानें रोग पसरतो, ही भीति निराधार आहे. रोग पसरतो तो वाट पाहिल्यानें.

रोग लहान असतां पुष्कळदां केवळ शस्त्रक्रियेनें किंवा केवळ किरणोपचारानें भागतें. वाढल्यावर शस्त्रक्रिया, किरण व औषधें यांची जोड द्यावी लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें (स्थापना १९४१) २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतींत उद्बोधक आहे. तोंडांतील रोग प्रारंभावस्थेंत असलेल्या सुमारें ५०० रुग्णांचा त्यांत विचार झाला. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेंतील ग्रंथि काढलेल्यांपैकीं तीन वर्षांनंतर शेंकडा ८० हयात होते. मानेंत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६७.५ भरलें. म्हणून डॉक्टर मानेच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, तेव्हां ‘गांठ तर दिसत नाहीं’ असें म्हणून हट्ट धरूं नये.

किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. त्यांनीं तोंड सोलवटतें, लाळ आटते, चव जाते. यासाठीं दांतांची तपासणी आधींच करून घ्यावी. या दिवसांत घरच्यांचें काम मोठें असतें : मऊ खिमट, पेज, ताक, दूध थोडें थोडें व वारंवार द्यावें, आणि उपचारांत खंड पडूं देऊं नये.

पहिल्या तपासणीसाठीं मुंबई गांठण्याची गरज नाहीं. नगरचें जिल्हा रुग्णालय आहे, लोणीचें प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. खर्चाची धास्ती असेल त्यांनीं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. कर्करोगाचे उपचार तींत समाविष्ट आहेत.

आत्याबाईंची शस्त्रक्रिया आषाढांत झाली व पाठोपाठ किरणोपचारही पार पडले. शब्द थोडे जड येतात; पण नातवंडांस त्या पुन्हां गोष्टी सांगूं लागल्या आहेत. पौषांतच कोणीं पाहिलें असतें, तर कदाचित् शस्त्रक्रियेवरच भागलें असतें, असें डॉक्टर म्हणाले. तें वाक्य त्या घरांत अजून कोणी विसरलेलें नाहीं.

आपल्या घरीं वडील मंडळींच्या मधुमेहाची, रक्तदाबाची विचारपूस होते. तींत एवढें एक वाक्य वाढवावें : ‘आत्याबाई, जरा उजेडाकडे तोंड करून आ करा पाहूं.’