आधी ऊब, मग दूध

मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरे मोजून सातच असतात असे नाही. परंतु व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मांजरी पिलांना मानगुटीला धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवते, हे निरीक्षण खरे आहे. कधी माळा, कधी लाकडांचा ढीग, तर कधी जुन्या वह्यांचे खोके. अशी पिले दिसली, की दोन प्रकारची माणसे पुढे येतात. काहीजण ती पोत्यात घालून दूर बाजारात सोडून येतात. काहीजण, आणि त्यांत विद्यार्थी पुष्कळ असतात, ‘बिचारी पोरकी पिले’ म्हणून त्यांना उचलून घरी आणतात व बशीत गाईचे दूध पुढे ठेवतात. पहिली कृती निर्दय आणि दुसरी दयाळू, यात शंका नाही. पण पिले पुष्कळदा दोन्हीकडे दगावतात. दयेला थोडी भौतिकशास्त्राची जोड मिळाली, तर त्यांतली बरीच वाचतील, असे माझे मत आहे.

नवजात पिलाचा पहिला शत्रू कोण, असे विचारले तर बहुतेकजण ‘भूक’ असे उत्तर देतील. खरे उत्तर ‘थंडी’ हे आहे. मांजरीचे पिलू जन्मते तेव्हा त्याचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. आईचे वजन ३ किलोग्रॅम, म्हणजे पिलाच्या ३० पट धरू. शरीरात उष्णता निर्माण होते ती वस्तुमानाच्या आधाराने, आणि बाहेर निसटते ती पृष्ठभागातून. आकार सारखाच ठेवून वस्तुमान ३० पट केले, तर पृष्ठफळ ३० पट होत नाही. ते साडेनऊ पटींच्या आसपासच वाढते. याचाच अर्थ असा, की दर ग्रॅममागे पिलाचा पृष्ठभाग आईच्या तिप्पट असतो. पेलाभर चहा लवकर निवतो आणि पातेलेभर चहा उशिरा, त्याचेही कारण हेच.

त्यात भर अशी, की पहिल्या आठवड्यात पिलाला थंडीने कुडकुडताही येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायूंची हालचाल करून उष्णता निर्माण करणे. ती सोय त्याच्यापाशी अजून नसते. मोठ्या मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, तर पहिल्या आठवड्यातील पिलाचे ३५ ते ३७ अंश. तेही ते स्वतःच्या बळावर टिकवू शकत नाही. आईच्या पोटाची ऊब आणि भावंडांची दाटी यांवर त्याची सारी भिस्त असते.

या दाटीचे महत्त्व मोजता येते. प्रत्येक पिलू म्हणजे एक घन आहे असे समजा. चार घन वेगवेगळे ठेवले, तर एकूण २४ पृष्ठे उघडी राहतात. तेच दोन-दोनच्या दोन ओळींत एकमेकांना चिकटवून ठेवले, तर १६ उरतात. म्हणजे उष्णता निसटण्याच्या वाटांपैकी एक तृतीयांश नुसत्या बिलगण्याने बंद झाल्या! म्हणूनच चार पिलांपैकी ‘एकच गोंडस’ पिलू उचलून नेणारा मुलगा त्याची आईच नव्हे, तर पांघरूणही काढून घेत असतो.

आता ओल्या पिलाचा विचार करू. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. शंभर ग्रॅमच्या पिलाचे तापमान १ अंशाने उतरण्यास सुमारे ८० कॅलरी जाव्या लागतात. ही सारी उष्णता पिलाच्याच अंगातून गेली असे मानले, तर केवळ १ ग्रॅम पाणी सुकताना त्याचे तापमान ७ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतून मिळते व थोडी आई पुरवते. पण धोका केवढा आहे, हे या आकड्यावरून लक्षात यावे. जन्मताच आई पिलांना चाटून कोरडे का करते, आणि पावसात भिजलेले पिलू इतक्या लवकर का मरते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बाष्पीभवनाच्या धड्यात आहे.

गारठलेल्या पिलाला दूध पाजणे हीच आपली मोठी चूक असते. अंग थंड पडले, की पिलाची चोखण्याची शक्ती जाते आणि आतड्यांचे काम मंदावते. अशा वेळी घातलेले दूध पचत नाही. ते श्वासनलिकेत शिरण्याचाही धोका असतो. म्हणून आधी ऊब, मग दूध. आणि दूधही गाईचे नव्हे. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात, आणि गाईच्या दुधाने पिलांना हगवण लागते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात मिळणाऱ्या आईच्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाच्या रक्तात जातात. त्या चिकाची जागा बाजारातली कोणतीही वस्तू पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

मग करावे काय? पहिला नियम, थांबून पाहणे. आई पोट भरण्यासाठी बाहेर जाते, तेव्हा पिले काही तास एकटी असतात; ती पोरकी नसतात. पोट भरलेली पिले एकमेकांवर शांत झोपलेली दिसली, तर हात न लावता दूर व्हावे आणि लांबून नजर ठेवावी. माणसाचा हात लागला की आई पिलू टाकून देते, ही समजूत तितकीशी खरी नाही. पण वारंवार डोकावले, तर ती पिलांना हलवते, आणि नवी जागा आधीच्या जागेपेक्षा धोक्याची असू शकते. बोके कधी कधी पिलांना मारतात, हेही ध्यानात असावे.

घरातच व्याली असेल तर अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात खोके द्यावे. त्याचा काठ आईला ओलांडता यावा, पण पिलांना नाही. शहाबादी फरशीवर थेट फडके टाकू नये. फरशी आणि गोणपाट एकाच तापमानाला असले, तरी फरशी गार लागते, कारण ती उष्णता झपाट्याने वाहून नेते. गोणपाट, त्यावर वर्तमानपत्राचे थर आणि वर सुती कापड घातले, की मध्ये अडकलेली हवा दुर्वाहकाचे काम करते. आईला जवळच अन्न व पाणी ठेवावे. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट आहार लागतो.

आई खरोखरच परतली नाही आणि पिले थंड पडून सतत ओरडत असतील, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी. खाली ठेवू नये, कारण फार गरम झाल्यास पिलाला सरकून दूर जाता आले पाहिजे. त्यानंतर पशुवैद्यांकडे जावे. आई चिडून चावली वा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजच्या बाबतीत चालढकल चालत नाही.

‘पण इतक्या मांजरांचे करायचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. पोते हे मात्र त्याचे उत्तर नव्हे. पिले गेली, की आईचे दूध आटते आणि ती लवकर पुन्हा माजावर येते. पुढे नऊ आठवड्यांनी नवी वेत तयार! म्हणजे पिले टाकणारा माणूस स्वतःच मांजरांच्या जन्माचा वेग वाढवीत असतो. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पिले आईपाशी निदान आठ आठवडे राहू द्यावीत, मग त्यांना घरे शोधावीत आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने आईची नसबंदी करून घ्यावी. संख्या कमी करण्याचा हाच उपाय टिकाऊ आहे.

शिक्षकांना एक विनंती. न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम फळ्यावर लिहून थांबू नये. सारख्या आकाराच्या सहा लहान बाटल्या घ्याव्यात व त्यांत ५० अंशांचे पाणी भरावे. एक एकटी ठेवावी, चार रबराने एकत्र बांधाव्यात, सहावीला ओले फडके गुंडाळावे. दर पाच मिनिटांनी तापमानाची नोंद करून तीन आलेख काढावेत. बाटल्या, फडके आणि तापमापक याहून अधिक साहित्य लागत नाही. ज्या वर्गाने हे तीन आलेख स्वतः काढले आहेत, त्या वर्गातील मुले पावसात भिजलेल्या पिलापुढे बशी ठेवणार नाहीत. ती आधी कोरडे फडके शोधतील.