घर आधी की शाळा? नागपुरात बिऱ्हाड हलवताना पत्त्याला एवढे महत्त्व का?

उन्हाळा जवळ आला की नागपुरात दोन शोध एकदम सुरू होतात. एक घराचा, दुसरा शाळेचा. मिहानमधल्या कंपनीत रुजू होणारे दाम्पत्य, बदली होऊन आलेला बँक कर्मचारी, भंडारा-गोंदियाकडून बांधकामाच्या साइटवर आलेले कुटुंब, सगळ्यांच्या घरात तीन ते आठ वर्षांचे एखादे मूल असते आणि सगळे जण बहुधा एकाच क्रमाने जातात. आधी बजेटमध्ये बसणारा फ्लॅट, मग ऑफिसचे अंतर, आणि ॲडव्हान्स देऊन झाल्यावर 'इथे जवळ शाळा कोणती?' हा प्रश्न.

मुले लहान असतील तर हा क्रम उलटा हवा. कारण शाळेच्या प्रवेशापासून व्हॅनच्या वेळेपर्यंत पुढची बरीच गणिते एकाच गोष्टीवर अवलंबून असतात, ती म्हणजे पत्ता. आणि पत्ता ठरला की तो वर्षभर तरी बदलत नाही.

कायद्यातला 'शेजार' किती दूर?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शेजारच्या शाळेची कल्पना आहे. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी घरापासून १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असे अंतर त्यासाठी धरले जाते. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के मोफत जागांसाठीही हेच अंतर महत्त्वाचे. ऑनलाइन अर्जात पालकांना नकाशावर घराची खूण करावी लागते, त्यावरून अंतर मोजले जाते आणि जवळच्या मुलांना आधी संधी मिळते. वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी मात्र वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत हवे.

भाडेकरूंची अडचण इथून सुरू होते. राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण तो नोंदणीकृत हवा, अर्ज भरण्याच्या आधीचा हवा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार पुरत नाही. नागपुरात अनेक घरमालक नोंदणी म्हटले की मागे सरतात. कर, खर्च, 'उगाच कटकट कशाला' अशी कारणे असतात. परिणाम असा की ज्यांना या जागांची सर्वाधिक गरज आहे, त्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडेच नेमका तो एक कागद नसतो.

हा कागद किती मोलाचा आहे, हे २०२४ मध्ये दिसले. आरटीई प्रवेशासाठी बनावट कागदपत्रे जोडल्याप्रकरणी नागपुरात पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले. बनावट कागदाचे समर्थन होऊच शकत नाही. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या मुलाची खरी जागा जाते. पण पसंतीच्या शाळेजवळचा खोटा पत्ता दाखवण्यापर्यंत पालक का जातात, याचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळणार नाही. घराजवळच्या सरकारी शाळेवर विश्वास उरला नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

त्याच वर्षी राज्य सरकारने उफराटा मार्ग काढला होता. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या अटीतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. या गोंधळात त्या वर्षीचे प्रवेश लांबले. सरकारी शाळा सुधारून पालकांना तिकडे ओढणे वेगळे आणि दुसरे दार बंद करून त्यांना तिकडे ढकलणे वेगळे. महापालिकेने स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने इंग्रजी माध्यमाच्या काही शाळा सुरू केल्या आहेत, तो पहिला मार्ग आहे. घर शोधताना अशी शाळा टप्प्यात असेल तर ती आतून बघून यावी. फाटकाबाहेरून मत बनवू नये.

१२ मिनिटांचे अंतर आणि ५० मिनिटांची व्हॅन

ज्यांना फी भरून प्रवेश घ्यायचा आहे, त्यांचा पत्ता वेगळ्या तऱ्हेने आडवा येतो. शहर दक्षिणेला वाढले. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वर, नरसाळा भागांत फ्लॅट तुलनेने परवडतात. पण पालकांच्या मनातली नावाजलेली शाळा अनेकदा काटोल रोडला, सिव्हिल लाइन्सला किंवा रामदासपेठेत असते. दुपारी ३ वाजता मोबाइलवर नकाशा उघडून 'जवळच तर आहे' म्हणणे ही नेहमीची चूक. रस्ता बघायचा तर कामाच्या दिवशी, शाळा भरते आणि सुटते त्याच वेळी, आणि शक्यतो स्वतः जाऊन.

त्यातही नकाशा दाखवतो तो कारचा वेळ. व्हॅन किंवा ऑटो वाटेत आठ-दहा मुले घेत जातो. पहिल्या थांब्यावरचे मूल सगळ्यात आधी चढते आणि परतीचा मार्ग बदलला तर सगळ्यात शेवटी उतरते. म्हणून व्हॅनवाल्या काकांना भाडे विचारण्याआधी 'आमचा नंबर कितवा?' हे विचारावे. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ चा आहे. तरीही शाळेची प्रत्यक्ष वेळ विचारून घेतलेली बरी. सव्वासातच्या शाळेसाठी पाच वर्षांचे मूल पावणेसहाला उठणार असेल तर शाळेचे नाव कितीही मोठे असो, डिसेंबरच्या थंडीत त्या नावाचा उपयोग नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा नागपूरला नवा नाही. जानेवारी २०१२ मध्ये शहरात स्कूल बसच्या अपघातात एका लहानग्याचा जीव गेला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. राज्याचे स्कूल बस नियम २०११ पासून आहेत. त्यानुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही हवा. प्रवेशाच्या वेळी 'समितीची शेवटची बैठक कधी झाली?' एवढेच विचारून पाहावे. उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळली, तर तेही एक उत्तरच.

वर्षाच्या मध्ये बदली झाली तर?

तारखांचा घोळ बाहेरून येणाऱ्यांना हमखास होतो. सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये सुरू होतात. राज्य मंडळाच्या जूनमध्ये, आणि विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा. २०२४ मध्ये इतरत्र १५ जूनला घंटा वाजली, विदर्भात १ जुलैला. म्हणजे मे महिन्यात पुण्याहून निघालेल्या कुटुंबाला राज्य मंडळासाठी भरपूर वेळ असतो, सीबीएसईत मात्र महिनाभराचा अभ्यास होऊन गेलेला असतो.

वयाचेही तसेच. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरअखेर ६ वर्षे पूर्ण हवीत. वायुसेनानगर, अजनी अशा केंद्रीय विद्यालयांत ३१ मार्चला. त्यामुळे ऑगस्ट २०२० मध्ये जन्मलेले मूल २०२६-२७ ला राज्य मंडळाच्या पहिलीत बसते, केंद्रीय विद्यालयाच्या नाही. परराज्यातून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आठ वर्षांच्या मुलाला नवी लिपी किंवा नवी भाषा जड जाऊ शकते; शाळा त्यासाठी काय करते, हे आधीच विचारावे.

नव्या वस्त्यांत 'सीबीएसई पॅटर्न' असे फलक भरपूर दिसतात. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. शाळेकडे संलग्नता क्रमांक आणि ११ अंकी यूडायस क्रमांक मागावा. दोन्ही ऑनलाइन तपासता येतात. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घेणे कायद्याने मना आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देणगी घेतली तर दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. हे कलम बऱ्याच पालकांना माहीत असते, पण मूल त्याच शाळेत घालायचे असल्याने तक्रार कोणी करत नाही.

वस्ती कशी ओळखायची?

ब्रोकर बाग दाखवतो, पाण्याचे सांगत नाही. महापालिका हद्दीबाहेरच्या किंवा अलीकडे हद्दीत आलेल्या ले-आऊटमध्ये नळ आहे की बोअरवेल, आणि मे महिन्यात टँकर लागतो का, हे वॉचमनला विचारावे. घर विकत घ्यायचे असेल तर ले-आऊट मंजूर आहे की गुंठेवारीतला, प्लॉटचे आरएल झाले आहे का, हेही बघावे. नागपूरकरांना हा शब्द पाठ असतो, बाहेरच्यांना तो रजिस्ट्रीच्या टेबलावर कळतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाटही विसरू नये. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरले. या जुन्या, प्रतिष्ठित वस्त्या आहेत. नाग नदी किंवा नाल्याच्या काठी तळमजला मिळत असेल, तर शेजाऱ्यांना त्या दिवशी पाणी भिंतीवर कुठपर्यंत चढले होते, ते विचारावे.

हे सगळे एका भेटीत कळत नाही. म्हणून लगेच फ्लॅट विकत घेण्याऐवजी पहिले वर्ष भाड्याने राहणे शहाणपणाचे. करार मात्र नोंदणीकृतच करून घ्यावा, आरटीईचा अर्ज भरायचा नसला तरी. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होत असेल तर घाबरून जाऊ नये. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश तेवढ्या कारणाने अडवता येत नाही, आणि जन्माचा दाखला नसला तरी नाही. बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या कुटुंबांना हे सहसा कोणी सांगत नाही. ज्या फ्लॅट स्कीममध्ये नवे बिऱ्हाड येते, तिथल्याच पुढच्या इमारतीच्या सांगाड्याखाली शाळेच्या वयाची ती मुले दुपारी खेळताना दिसतात.