जीआयएस शिकायचे, पण किती खर्चात?

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत ‘जीआयएस’ हे नाव वारंवार दिसते. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. डोंगराचा उतार, पाऊस, विहिरींची पाणीपातळी, डेंग्यूच्या रुग्णांचे पत्ते अशी माहिती संगणकावर एकाच नकाशात मांडून त्यांतील संबंध शोधण्याचे हे तंत्र. जुलै २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण आणि जुलै २०२३ मध्ये रायगडमधील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पुढचा धोका कोणत्या वस्तीला आहे, हे ओळखण्यासाठी असे नकाशे करणारी माणसे लागतात.

सरकारी धोरणही अनुकूल आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे तयार करण्यावरील बंधने भारतीय कंपन्या व संस्थांसाठी सैल केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्यामुळे या विषयाचे आकर्षण वाढले. मात्र भरमसाट शुल्कासाठी कर्ज काढण्यापूर्वी पालकांनी विचारावे, हे पैसे नेमके कशाचे?

पूर्वी उत्तर सोपे होते. सॉफ्टवेअरचे परवाने आणि उपग्रहाच्या प्रतिमा महाग होत्या. आज क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर कोणालाही मोफत मिळते. लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमाही तशाच मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. म्हणजे शुल्क द्यायचे ते जे फुकट मिळत नाही त्यासाठी: चुका दाखवणारा शिक्षक, प्रयोगशाळेतील तास आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेट.

येथे अनुदानित महाविद्यालयांचा विचार आधी व्हावा. भूगोल हा कला शाखेचा जुना विषय असल्याने तालुक्याच्या गावीही तो अनेकदा अनुदानित तुकडीत शिकता येतो. मात्र एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असू शकतात व त्यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. प्रवेशअर्जावर आपली तुकडी कोणती, हे तपासावे. शिष्यवृत्ती व शुल्क सवलतीसाठी महाडीबीटीवरील योजना पाहाव्यात. शहरातील खोलीभाडे आणि खानावळ धरून तीन वर्षांचा एकूण हिशेब मांडावा. अनेकदा शुल्कापेक्षा हाच खर्च जास्त निघतो.

प्रवेशापूर्वी विभागात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. भूगोलाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती? आठवड्याला संगणकावर किती तास मिळतात? क्षेत्रभेटी कुठे होतात? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेले नकाशे पाहायला मिळतील का? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर सहसा सर्वांत बोलके असते.

एक सावधगिरीही हवी. केवळ पदवीवर किंवा काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल, असे समजू नये. संख्याशास्त्र आणि पायथनसारखी संगणकभाषा जोडीला लागते. कमी शुल्कात पदवी घेऊन वाचलेले पैसे सार्वजनिक विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवणे हा शहाणा मार्ग ठरतो. त्या तीन वर्षांत आपल्याच गावच्या विहिरींचा किंवा ओढ्यांचा नकाशा विद्यार्थ्याने स्वतः तयार केला, तर मुलाखतीत दाखवायला हातात काम असेल आणि गावालाही त्याचा उपयोग होईल.